आम्ही उंटांना कुटार घातलं, त्याची गोष्ट

गोष्ट २०२२ च्या जानेवारीतली आहे. पेपरात बातमी आली की, आमच्या अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरजवळ पोलिसांनी अठ्ठावन्न उंट पकडले. हैदराबादला कत्तलीसाठी नेत असल्याची तक्रार होती. उंट नेणाऱ्या पाच जणांवर गुन्हा दाखल झाला आणि उंट अमरावतीच्या एका गोरक्षण संस्थेत ठेवले गेले. अठ्ठावन्न! आमच्या गावात एरवी उंट दिसतो तो जत्रेत, नाहीतर कुणाच्या तरी वरातीत. त्यामुळे मुलाबाळांना घेऊन लोक बघायला जाऊ लागले.

आमचं छोटंसं महिला मंडळ आहे. हळदीकुंकवाच्या दिवसांत त्या वर्षी वाणासाठी जमलेले पैसे शिल्लक होते. कोविडची लाट परत आल्यामुळे मोठा कार्यक्रम करायचा नव्हता. कुणीतरी म्हणालं, "काकू, त्या मुक्या जिवांसाठी काहीतरी करू या." झालं! आम्ही टेम्पोभर कुटार विकत घेतलं आणि नेऊन टाकलं. (विदर्भाबाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगते, कुटार म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा. आमच्याकडे जनावरांचा तो हक्काचा चारा.) फोटोही काढले. मी ते दोन-तीन ग्रुपवर पाठवले हे कबूल करायला हवं.

उंटांनी कुटाराला तोंड लावलं नाही.

फाटकाबाहेर डोक्याला पांढरं फडकं गुंडाळलेले चार-पाच जण बसले होते. त्यांच्याजवळ बाभळीच्या आणि कडुनिंबाच्या फांद्यांचे भारे होते. ते हिरवा पाला गोळा करून आणायचे आणि आत द्यायचे. त्यातले एक वयस्कर गृहस्थ माझ्याकडे बघून अगदी नम्रपणे म्हणाले, "बेन, ये चरनेवाला जानवर है. खूंटे का नहीं." मी मान डोलावली आणि निघाले. हेच ते उंट पकडून नेणारे लोक असणार, असं वाटून मी जरा घाईनंच निघाले, खरं सांगायचं तर.

ते उंट त्यांचेच होते. कच्छमधल्या रबारी समाजाची ही माणसं. विदर्भात त्यांचे नातेवाईक मेंढ्या घेऊन पिढ्यान्पिढ्या फिरताहेत, त्यांच्यासाठी ते उंट आणत होते. फेब्रुवारीत न्यायालयानं उंट मालकांना परत द्यायला सांगितलं. ती बातमी आतल्या पानावर, लहान होती. कुटाराचे फोटो मी ज्या ग्रुपवर टाकले होते, तिथे ती मी टाकली नाही.

मराठीत 'उंटावरचा शहाणा' म्हणतात, आणि 'उंटावरून शेळ्या हाकणं' म्हणतात. या दोन्ही म्हणी मला तेव्हापासून जरा टोचतात.

ही माणसं मी लहानपणापासून बघत आले आहे. दिवाळी झाली की आमच्याकडे ती दिसू लागायची. रस्त्याच्या कडेनं मेंढ्यांचा लोंढा, मागं काळ्या लोकरी ओढण्या घेतलेल्या उंच बायका आणि उंटावर उलटी बाज. त्या बाजेच्या चार पायांत हंडे, गोधड्या, नुकतं जन्मलेलं कोकरू आणि एखादं रडवेलं पोर. कुणी त्यांना काठेवाडी म्हणायचं, कुणी नुसतंच गुजराती. शेतकरी त्यांना पीक निघालेल्या वावरात मेंढ्या बसवायला सांगायचे, कारण लेंड्यांचं खत फुकट मिळायचं. म्हणजे त्यांची ओळख नव्हती असं नाही. पण ती कोण, कुठून येतात, त्यांचा उंट येतो कुठून, हे विचारायचं मला पन्नाशीकडे झुकेपर्यंत सुचलं नाही. आणि सुचलं तेही एवढी शोभा झाल्यावर.

मग मी वाचायला लागले. वाचता वाचता सापडली ती कच्छच्या उंटवाल्यांची संघटना. 'कच्छ ऊंट उछेरक मालधारी संगठन' असं तिचं पूर्ण नाव. उछेरक म्हणजे पैदास करणारे, वाढवणारे. मालधारी म्हणजे माल धारण करणारे, आणि माल म्हणजे जनावरं. गुजरातेत गुराख्याला 'मालधारी' म्हणतात हे मला फार आवडलं. आपल्याकडे ढोरं राखणारा म्हटलं की लगेच खालचा सूर लागतो.

ही संघटना उभी राहिली २०११ मध्ये. तिच्यामागे भूजची 'सहजीवन' ही संस्था होती, जी १९९१ पासून कच्छमध्ये पशुपालकांबरोबर काम करते आहे. त्याआधी तीन वर्षं, २००८ मध्ये, बन्नी या गवताळ भागातल्या म्हशीवाल्यांची संघटना झाली होती. त्या संघटनेनं खटपट केली आणि २०१० मध्ये बन्नी म्हशीला वेगळी जात म्हणून सरकारी मान्यता मिळाली. मुऱ्हा, जाफराबादी, तशी बन्नी. कागदावर नाव आलं म्हणून म्हशीचा भाव वाढला, बँक तिच्यावर कर्ज देऊ लागली. शेजारचे उंटवाले हे बघत होते. म्हशीचं होतं तर आपलं का नाही, असं त्यांना वाटलं तर नवल नाही.

पण म्हशीचं आणि उंटाचं दुखणं एक नव्हतं. म्हशीचं दूध घरोघर लागतं. उंटाचं काय? पूर्वी उंट लागायचा तो नांगराला, गाड्याला, पाणी वाहायला, लष्कराला. घरात मादी राखायची आणि नर विकायचा, यावर घर चालायचं. उंटिणीला पोटुशी राहिल्यापासून पिलू व्हायला तेरा महिने लागतात आणि दोन वर्षांतून एकदाच पिलू होतं. म्हणजे हा काही झटपट पैशाचा धंदा नव्हता. पण एका नराचे बरे पैसे यायचे. मग ट्रॅक्टर आले, छकडा रिक्षा आल्या, आणि नराला गिऱ्हाईक उरलं नाही. देशात १९९२ साली दहा लाखांवर उंट होते. २०१२ च्या पशुगणनेत ते चार लाख झाले आणि २०१९ मध्ये अडीच लाख. माझ्या मुलीच्या जन्मापासून तिच्या कॉलेजपर्यंत एवढ्या काळात हे झालं. आणि आपल्याला वाघाचे आकडे पाठ!

इथे राजस्थानचा विषय काढायलाच हवा. देशातले सगळ्यात जास्त उंट तिथे. त्या सरकारनं २०१४ मध्ये उंटाला राज्यप्राण्याचा मान दिला आणि २०१५ मध्ये कायदा केला. उंटाची कत्तल करायची नाही आणि परवानगीशिवाय तो राज्याबाहेर न्यायचा नाही. हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण राज्याबाहेरचे गिऱ्हाईक थांबले, मेळ्यातला भाव पडला आणि पाळणाऱ्यांना उंट ओझं वाटू लागला. २०१२ मध्ये तिथे सव्वातीन लाख उंट होते, २०१९ मध्ये दोन लाख तेरा हजार उरले. मी या आकड्यांकडे बघते तेव्हा मला आमचं कुटार आठवतं.

कच्छच्या संघटनेनं मात्र कायदा मागितला नाही. तिनं आधी उंट मोजले.

हे वाक्य साधं वाटतं, पण विचार करा. एक उंटवाला अब्डासा तालुक्यात, दुसरा भचाऊला, तिसरा लखपतच्या खाडीकाठी. कुणी महिनोन्महिने घरी नसतो. धर्मानं कुणी हिंदू, कुणी मुसलमान. रबारी आहेत, फकिराणी जत आहेत, सम्मा आहेत, सोढा आहेत. रबाऱ्यांमध्ये गोष्ट सांगतात की, पार्वतीनं मातीचा उंट केला, शंकरानं त्यात जीव घातला आणि मग त्या उंटाला राखायला पहिला रबारी निर्माण केला. जत लोक खाडीकाठी राहणारे, सावला पीर मानणारे. आणि गंमत अशी की, कितीतरी कळप असे होते की मालक रबारी आणि चारणारा जत. पिढ्यांचा हा व्यवहार नुसत्या शब्दावर चाललेला, कागद नाही. अशा लोकांची एक संघटना व्हायची म्हणजे जातपंचायतीच्या बाहेर पाऊल टाकायचं. रबाऱ्यांची पंचायत काही लेचीपेची नाही हो! १९९५ मध्ये तिथल्या ढेबरिया रबाऱ्यांच्या पंचायतीनं आपल्या बायकांना भरतकामाचीच बंदी केली होती. लग्नाचं भरतकाम पुरं होईपर्यंत मुली सासरी जात नाहीत, म्हणून! जगभरच्या संग्रहालयांत ज्यांचं भरतकाम मांडलं आहे, त्या बायकांना सुई खाली ठेवायला लावली. जिथे पंचायतीचा शब्द असा चालतो, तिथे रबारी आणि जत एका सतरंजीवर बसून सभासद झाले, वर्गणी भरू लागले, हे मला सगळ्यात मोठं वाटतं.

मोजताना एक गोष्ट वर आली. कच्छमध्ये एक नाही, दोन तऱ्हेचे उंट आहेत. एक नेहमीचा कच्छी, आणि दुसरा खाराई. खाराई म्हणजे खाऱ्यातला. हा उंट चक्क पोहतो! समुद्रकाठच्या खाड्यांत तिवरांची बेटं असतात. तिवर म्हणजे आपल्या कोकणात, मुंबईच्या खाडीत दिसतं तेच खारफुटीचं झाड. तिकडे त्याला चेर म्हणतात. त्या बेटांवर जायला हा कळप पाण्यात उतरतो आणि दोन-दोन, तीन-तीन किलोमीटर पोहत जातो. नुसत्या माना पाण्यावर दिसतात. मागून त्यांचा माणूस, कधी होडीत, कधी पोहत. पावसाळ्यात बेटावरच्या खळग्यांत गोडं पाणी साचतं, तेवढे दिवस मुक्काम तिथेच. पाणी आटलं की दोन-तीन दिवसांनी प्यायला काठावर यायचं आणि परत चरायला बेटावर जायचं. उंट म्हणजे वाळवंट असं शाळेत शिकवलेलं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला.

हा उंट वेगळा आहे हे जतांना माहीतच होतं. सरकारला माहीत नव्हतं. वेगळी जात म्हणून नोंद व्हायची तर बांधा, रंग, दूध, वेत, संख्या सगळं मोजून मांडावं लागतं. संघटनेचे लोक, सहजीवनचे कार्यकर्ते आणि विद्यापीठातले शास्त्रज्ञ यांनी ते केलं आणि २०१५ मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं खाराईची नोंद केली. ती देशातली उंटाची नववी जात. शिक्का मिळाला. पण शिक्क्यानं पोट भरत नाही, चाराही मिळत नाही. संघटनेची पुढची दोन्ही कामं या दोन गोष्टींची होती.

आधी दुधाचं सांगते, कारण ते मी स्वतः प्यायले आहे.

२०२३ च्या डिसेंबरात आम्ही चौघं कच्छला गेलो. रण बघायला, असं घरी सांगितलं होतं. आमचे हे म्हणाले, "तुला रण बघायचं नाहीये, तुला उंट बघायचेत, मला माहीत आहे." भूजहून नखत्राण्याच्या बाजूला जाताना गाडीवाल्याला विनवून एका वाडीवर थांबलो. दुपार कलत होती. काळी ओढणी घेतलेली एक बाई, माझ्याच वयाची असेल, तिनं बसायला बाज टाकली. तिचा मुलगा उंटीण पिळत होता. हे दृश्य मी विसरणार नाही. गाईसारखं खाली बसून नाही, तर उभ्यानं. एक पाय वर घेऊन दुसऱ्या मांडीवर टेकवलेला, त्या गुडघ्यावर भांडं आणि दोन्ही हातांनी धार. त्याआधी पिलाला लावावं लागतं, नाहीतर उंटीण पान्हा सोडत नाही. एका बाजूचे दोन सड पिलाला आणि दुसऱ्या बाजूचे दोन माणसाला. वाटणी अगदी स्पष्ट!

दूध पातळ, पांढरंशुभ्र, किंचित खारट. वर फेसच फेस. माझ्या मुलीनं नाक मुरडलं, मी दोन पेले प्यायले. या दुधाचं दही आपल्यासारखं लागत नाही, लोणी सहजी निघत नाही. म्हणून ते प्यायचं, चहात घालायचं, नाहीतर पाहुण्याला द्यायचं. विकायचं नाही, हा रबाऱ्यांचा जुना संकेत. दूध विकणं म्हणजे पोर विकणं, असं मानणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना समजावणं हे संघटनेपुढचं पहिलं काम होतं. दुसरी अडचण सरकारी. उंटाचं दूध अन्न म्हणून विकायला कायद्यात निकषच नव्हते. संघटनेनं आणि सहजीवननं पाठपुरावा केला, २०१६ च्या नोव्हेंबरात अन्न सुरक्षा प्राधिकरणानं निकष काढले. त्यात स्निग्धांश तीन टक्के हवा असं ठरलं. पण उंटिणीचं दूध मुळातच पातळ! मग पुन्हा अर्ज, पुन्हा हेलपाटे, आणि तो आकडा दोन टक्क्यांवर आला. वाचायला एका ओळीचं आहे. पण ज्यानं कुठल्याही सरकारी दारात एक टक्का हलवायचा प्रयत्न केला आहे, त्याला यात किती चपला झिजतात ते कळेल.

कच्छच्या सरहद डेअरीनं दूध गोळा करायला सुरुवात केली, तीच डेअरी अमूलच्या कुटुंबातली. आधी अमूलचं उंटिणीच्या दुधाचं चॉकलेट आलं आणि २०१९ च्या जानेवारीत अर्ध्या लिटरची बाटली आली, पन्नास रुपयांना. पुढे पावडरही आली. पाळणाऱ्याला लिटरमागे पन्नास रुपयांच्या आसपास मिळू लागले. त्याआधी चहाच्या टपरीवाला देईल तो भाव. जे तरुण कळप विकून कंपनीत रखवालदार व्हायला निघाले होते, त्यातले काही परत उंटांकडे वळले. मला दूध देणारा तो मुलगा त्यातलाच. दहावीनंतर दोन वर्षं मुंद्र्याच्या बाजूला नोकरीला होता. "इधर मालिक हूँ," एवढंच म्हणाला.

(मधुमेहाला हे दूध चांगलं म्हणून आपल्याकडेही त्याची पावडर मागवणाऱ्या मैत्रिणी आहेत. त्यावर संशोधन चालू आहे. पण कृपा करून त्याच्या भरवशावर गोळ्या किंवा इन्सुलिन बंद करू नका. माझ्या मावसबहिणीनं तो प्रयोग केला होता आणि चार दिवस दवाखान्यात काढले.)

मी त्या बाईला विचारलं, दुधाचे पैसे कुणाच्या खात्यात येतात? ती हसली. मुलाकडे बोट दाखवलं. पूर्वी नर विकल्याचे पैसे वर्षातून एकदा पुरुषाच्या हातात यायचे, आता महिन्यातून काही वेळा पुरुषाच्याच खात्यात येतात. दूध काढतो पुरुष, कळपामागे जातो पुरुष, म्हणून सभासदही पुरुष. आणि लोकर कातल्यावर ती चातीवर कोण कातणार, आजारी पिलू घरात कोण सांभाळणार, पाहुण्याला दूध कोण देणार? संघटनेचे जेवढे फोटो मी पाहिले, त्यांत पांढऱ्या फेट्यांची रांग आहे. काळी ओढणी शोधावी लागते. एवढं चांगलं काम करणाऱ्यांवर ही टीका वाटेल, पण आमच्या पुरवणीत लिहायचं आणि हे लिहायचं नाही, असं कसं होईल?

आता चाऱ्याचं. खाराई उंट तिवरांवर जगतो आणि तिवरं ज्या किनाऱ्यावर आहेत त्या किनाऱ्याला बंदरं हवीत, कारखाने हवेत, मिठागरं हवीत. वनखात्याला तिवरं वाचवायची असतात, तेव्हा त्यांना पहिला चोर उंट दिसतो. पाळणारे म्हणतात, उंट शेंडे खातो तर झाड आणखी फुटतं, त्याच्या पायानं बी चिखलात दाबलं जातं. मग खरा चोर कोण? भचाऊ तालुक्यात चिरईच्या बाजूला कांडला बंदराच्या अखत्यारीतली जमीन मिठागरांना भाड्यानं दिलेली होती. तिथे बांध घालून खाड्यांचं पाणी अडवलं गेलं. भरतीचं पाणी आत येईना, तिवरं उभीच्या उभी वाळली. जेसीबीनं तोडलीही गेली.

२०१८ मध्ये संघटना राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. ज्यांच्यातल्या कित्येकांना सही करता येत नाही, ते लोक केंद्र सरकार, राज्य सरकार आणि बंदर यांच्याविरुद्ध अर्जदार झाले. आणि २०१९ च्या सप्टेंबरात लवादानं त्यांच्या बाजूनं आदेश दिला: बांध काढा, खाड्यांचा प्रवाह मोकळा करा, तिवरं परत उभी करा. ज्या उंटाला तिवरांचा शत्रू ठरवलं होतं, त्याच्याच मालकांनी तिवरं वाचवायला दावा जिंकला! आदेशाची अंमलबजावणी ही वेगळी लढाई असते हे मी सांगायला नको. एकदा मेलेली खाडी बांध फोडल्याबरोबर जिवंत होत नाही. पण नावावर सातबारा नसलेल्या माणसांचं म्हणणं एका निकालपत्रात लिहिलं गेलं.

हे सगळं वाचताना माझ्या मुलीनं मला इंटरनेटवर दुसऱ्या उंटवाल्यांच्या संघटना दाखवल्या. अमेरिकेतल्या. तिथे उंट फारसे नाहीत, पण उंटाचे दक्षिण अमेरिकेतले चुलतभाऊ आहेत, लामा आणि अल्पाका. पेरू-बोलिव्हियातल्या डोंगरी लोकांची ही जनावरं. अमेरिकेत १९८० च्या दशकात अल्पाका आणले गेले आणि ते पाळणाऱ्यांच्या संघटना झाल्या. वंशावळीचं रजिस्टर, प्रदर्शनं, फिती, बक्षिसं, टीव्हीवर जाहिराती. एकेका मादीला हजारो डॉलर मोजले जायचे. पण लोकरीला तेवढा भाव कधीच नव्हता. एक पाळणारा दुसऱ्या नव्या पाळणाऱ्याला जनावर विकायचा, तो तिसऱ्याला. २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी हा फुगा आहे असं लिहिलं, तेव्हा पुष्कळांना राग आला. २००८ च्या मंदीनंतर नवा माणूस यायचा थांबला आणि फुगा फुटला. आपल्याकडे इमू आणि कडकनाथचं झालं तेच! सांगलीकडच्या मैत्रिणींना २०१९ ची कडकनाथ कोंबडी आठवत असेल, कितीजणींचे दागिने त्यात गेले. तिथेही पक्ष्याला गिऱ्हाईक होतं ते फक्त पुढचा पाळणारा.

म्हणून कच्छच्या उंटवाल्यांनी आधी दुधाला गिऱ्हाईक शोधलं, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. उंटावरचं नव्हे, जमिनीवरचं शहाणपण. २०२४ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी उंटवर्गीय प्राण्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. उंट, लामा, अल्पाका सगळे त्यात आले. आपल्याकडे कुणाला त्याचा पत्ताही लागला नाही. मलाही ते त्या वर्षाच्या दिवाळीत कळलं.

त्याच दिवाळीनंतरची गोष्ट. चांदूर रेल्वेच्या रस्त्याला आमच्या ओळखीच्यांचं शेत आहे. तिथे सोयाबीन निघाल्यावर रबाऱ्यांचा डेरा उतरला होता. मेंढ्या, बायका, पोरं आणि तीन उंट. मी मुद्दाम गेले. या वेळी कुटार नेलं नाही, पोरांसाठी चिवडा आणि शंकरपाळे नेले. गप्पा झाल्या. २०२२ चं प्रकरण त्यांना माहीत होतं, त्यातले एकजण त्यांच्या भावकीतले होते. तेव्हापासून भीती बसली आहे म्हणाले. रस्त्यात कुणी गाडी थांबवून व्हिडिओ काढायला लागलं की बायका घाबरतात.

मग त्या घरच्या म्हाताऱ्यानं उंटाच्या पलाणाला बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी सोडली. त्यात आधार कार्डं होती आणि एक घडी घालून घालून फाटायला आलेला कागद. त्यांच्या गावच्या पंचायतीचा दाखला. हे आमच्या गावचे रबारी असून यांचा पिढीजात धंदा मेंढ्या-उंट पाळण्याचा आहे, उंट यांच्या मालकीचे आहेत, असा. सगळा गुजरातीत. "दिखाते हैं," तो म्हणाला, "पर इधर किसी को पढ़ना नहीं आता."

मला गुजराती अक्षरं जेमतेम लागतात. मुलीनं फोनवर फोटो काढून शब्द लावले, म्हाताऱ्यानं तोंडी सांगितलं, आणि तिथेच बाजेवर बसून मी एका कोऱ्या पानावर तो दाखला मराठीत उतरवला. वर 'मराठी भाषांतर' असं लिहिलं, खाली सही केली. शिक्का नाही, काही नाही, त्याला कायद्यानं किती किंमत आहे देव जाणे. आमच्या ह्यांनी शेजारच्या गावातून त्याच्या चार झेरॉक्स काढून आणल्या. म्हातारीनं त्यातली एक नवऱ्याच्या हातून घेतली, नीट घडी केली आणि आपल्या कमरेच्या थैलीत ठेवली. मी कागदाच्या कोपऱ्यात माझा मोबाइल नंबर लिहून दिला आहे.

या वर्षी ते यवतमाळच्या बाजूला गेलेत म्हणे. फोन अजून आलेला नाही.